खंडेनवमीचा हायड्रोजन

आकुर्डीतल्या आमच्या सोसायटीत मी 'पाण्यावर गाडी चालवणारे सर' म्हणून ओळखला जातो. चूक माझीच आहे. सत्यनारायणाच्या प्रसादाच्या रांगेत शेजाऱ्यांनी सहज विचारलं, नव्या कंपनीत काय काम असतं, आणि मी खरं उत्तर द्यायला गेलो. म्हटलं, एक पांढरी पावडर असते, तिच्यातून पाण्यात हायड्रोजन निघतो आणि त्या हायड्रोजनवर वीज तयार होते. यातलं पाणी तेवढं लोकांच्या लक्षात राहिलं. पुढच्या रविवारी चेअरमननी मला पार्किंगमध्ये गाठलं आणि लिफ्टचा जनरेटर पाण्यावर कधी चालणार ते विचारलं. मी त्यांना अर्धा तास समजावलं. सगळं ऐकून ते म्हणाले, म्हणजे होईल ना? मी दमलो होतो. हो म्हणालो.

त्या पावडरीचं नाव सोडियम बोरोहायड्राइड. हायड्रोजन सिलिंडरमध्ये दाबून भरण्याऐवजी अशा हायड्राइडमध्ये बांधून ठेवायचा आणि लागेल तेव्हा सोडवून घ्यायचा, अशी कल्पना. नुसत्या पाण्यात ही पावडर स्वतःच्या मर्जीने हायड्रोजन सोडत बसते, म्हणून पाण्यात कॉस्टिक सोडा घालून तिला झोपवून ठेवतात. मग त्या द्रावणात काळा लेप दिलेला एक पत्रा सोडला की ती जागी होते आणि फसाफसा फेसाळायला लागते. तो लेप म्हणजे कॅटॅलिस्ट. किती तापमानाला किती वेगाने हायड्रोजन निघतो ते मोजायचं आणि त्या वेगाचं गणित बसवायचं, हे माझं काम. याच विषयात माझी पीएच.डी. आहे. वेगाच्या शास्त्रात पीएच.डी. करायला ह्यांना साडेसात वर्षं लागली, हे माझी बायको पाहुण्यांना आवर्जून सांगते.

कंपनी चाकणला. मालक मूळचे तिथलेच. घरची जमीन एमआयडीसीत गेली तेव्हा त्यांनी फॅब्रिकेशनचं वर्कशॉप टाकलं आणि मोठ्या कंपन्यांना टाक्या बनवून द्यायला लागले. सगळे त्यांना शेठ म्हणतात. एका गिऱ्हाइकाने मोबाइल टॉवरसाठी डिझेलऐवजी हायड्रोजनवर चालणारा संच मागितला. शेठनी आधी होकार दिला आणि मग हायड्रोजन म्हणजे काय असतं याची चौकशी सुरू केली. त्या चौकशीत मी सापडलो. तेव्हा मी कॉलेजात शिकवत होतो आणि कंटाळलो होतो. शेठ मला डॉक्टर म्हणायचे, त्यामुळे पहिले काही महिने वर्कशॉपमधले वेल्डर माझ्याकडे पाठदुखीवर गोळी मागायला यायचे.

लॅबमध्ये माणसं दोनच, मी आणि ताई. ताई म्हणजे आमच्या टेक्निशियन. चिखलीला राहायच्या, वय चाळिशीच्या आसपास. वडील पिंपरीत एका फाउंड्रीत ओतकामाचे साचे करणारे मोल्डर होते. बी.एस्सी. झाल्यावर ताईंनी भोसरीच्या एका प्लेटिंग शॉपमध्ये अकरा वर्षं काढली होती. निकेलच्या स्पंजासारख्या पत्र्यावर कोबाल्टचा काळा लेप चढवायचं काम त्यांच्याकडे. एका द्रावणात बुडव, दुसऱ्यात बुडव, पत्रा काळा पडला की धू, वाळव, परत बुडव, असं सहा-सात वेळा. शेवटी त्या पत्रा खिडकीशी नेऊन तिरका धरायच्या आणि सांगायच्या, हा बरोबर आलाय, हा नाही. कशावरून, असं मी विचारलं तर म्हणायच्या, दिसतं ना सर. मला ते 'दिसतं ना' फार टोचायचं. साडेसात वर्षं घालवून मला जे दिसत नव्हतं ते यांना खिडकीतून दिसत होतं. मी त्यांना एक तक्ता करून दिला आणि त्यात वजन, जाडी आणि वेळ भरायला सांगितलं. तक्ता त्यांनी नीट भरला. पत्रा खिडकीशी धरायचं मात्र सोडलं नाही.

ताई ठेकेदाराच्या पगारावर होत्या. वर्षाच्या शेवटी माझा रिपोर्ट बघून शेठ त्यांना कंपनीत कायम करणार असं ठरलं होतं. घरात दोन मुली, नवऱ्याची रिक्षा. नियमित येणारा पगार तेवढा ताईंचा.

आमचं यंत्र अगदी साधं होतं. स्टीलचं जाड भांडं, भोवती गरम पाण्याचा वेढा, वर बोल्टने आवळलेलं झाकण. झाकणातून नळी निघायची आणि पाण्याने भरून टबात उलट्या धरलेल्या नळकांड्यात जायची. हायड्रोजन आला की नळकांड्यातलं पाणी खाली ढकललं जायचं. दर अर्ध्या मिनिटाला ताई पाण्याची पातळी वाचायच्या आणि मी लिहायचो. तीस डिग्रीला एकदा, चाळीसला एकदा, पन्नासला, साठला. तापमान वाढलं की वेग वाढतो, आणि तो कसा वाढतो याचा एक विशिष्ट आलेख काढला की सगळे ठिपके एका सरळ रेषेत यायला हवेत. रेषेच्या उतारावरून कळतं की पावडरीला जागं करायला किती जोर लागतो. तो आकडा मिळाला की खरा संच केवढा करायचा, किती पत्रे घालायचे, सगळं ठरवता येतं. सगळं घोडं त्या रेषेपाशी अडलं होतं.

तीस आणि चाळीसचे ठिपके शहाण्यासारखे रेषेत बसले. पन्नासचा जरा घसरला. साठचा सपशेल खाली. आणि दर आठवड्याला तो आणखी खाली जायचा.

खरं तर अशा वेळी माणसाने आधी यंत्र तपासावं. पण मला ते ठिपके बघून आनंद झाला. होय, आनंद. कारण रेषा गरम टोकाला अशी वाकली की त्याचा पुस्तकात एक भारदस्त अर्थ दिलेला असतो. अभिक्रियेचा वेग आता कॅटॅलिस्ट ठरवत नाही, तर लेपाच्या बारीक छिद्रांतून द्रावण आत पोचायला जो वेळ लागतो तो ठरवतो. म्हणजे लेप जाड, छिद्रं अरुंद, त्यात उरलेला बोरेटचा क्षार बसतोय आणि पत्रा आठवड्यागणिक मरतोय. सगळं कसं जुळत होतं. कॉलेजात वीस वर्षं जे फळ्यावर काढलं ते माझ्या भांड्यात घडत होतं. मी चौदा पानांचा रिपोर्ट लिहिला. त्यात समीकरणं होती, एक नवीन गुणांक होता, आणि त्या गुणांकाला पुढेमागे माझं नाव मिळेल अशी अंधूक आशाही होती. बाराव्या पानावर एक वाक्य होतं: 'लेपाची जाडी असमान असून कोटिंगच्या कामात आवश्यक कौशल्याचा अभाव दिसून येतो.'

गणपती झाल्यावर मीटिंग झाली. शेठ, वर्कशॉपचे दोन सुपरवायझर, खरेदीवाले, मी, आणि टिपणं घ्यायला ताई. मी चौदा पानं पडद्यावर दाखवली. बाराव्या पानावर आल्यावर ते वाक्य मोठ्याने वाचलं, कारण तोवर मला माझ्याच आवाजाची गोडी लागली होती. शेठना समीकरणात रस नव्हता. त्यांनी विचारलं, "म्हंजी कोटिंग खराब हाय. बाहेरून आनलं तर भागंल का?" मी म्हणालो, भागेल. शेठनी खरेदीवाल्यांना बाहेरच्या कोटिंगचा भाव काढायला सांगितलं आणि ताईंना ठेकेदाराकडून दिवाळीपर्यंतच ठेवायचं ठरलं. ताई खाली मान घालून लिहीत होत्या. स्वतःला काढल्याचं टिपण त्यांनी स्वतःच्या हाताने, वळणदार अक्षरात घेतलं. मी मनात म्हणालो, वाईट वाटतंय, पण शास्त्र शास्त्र आहे. त्या वेळच्या माझ्या पाठीत एक रट्टा घालावासा मला आजही वाटतो.

आता माझ्या सह्यांबद्दल सांगायला हवं. झाकणाचा जोड गळतोय का, हे रोज सकाळी तपासायचा नियम होता. भांड्यात नायट्रोजन भरायचा, ते साठ डिग्रीपर्यंत तापवायचं, जोडावर साबणाचं पाणी लावायचं आणि बुडबुडे येतात का ते दहा मिनिटं बघायचं. मग क्लिपबोर्डवरच्या तक्त्यात सही. हा नियम मीच लिहिला होता आणि त्यात खास एक ओळ घातली होती की ही तपासणी फक्त शास्त्रज्ञाने करावी, टेक्निशियनवर सोपवू नये. ते लिहिताना मला फार जबाबदार वाटलं होतं. प्रत्यक्षात मी रोज तळवड्याच्या चौकात कंटेनरच्या मागे अडकायचो, घामाघूम होऊन पोचायचो, आणि तोवर ताईंनी द्रावण तयार ठेवलेलं असायचं. मग दहा मिनिटांची पाच झाली, पाचाची दोन झाली. भांडं तापवणं कधीच बंद पडलं होतं. पुढेपुढे मी शनिवारी एकदम पुढच्या आठवड्याच्या सह्या करून टाकायला लागलो. सहाच्या सहा. शाई बदलायला नको म्हणून त्याच पेनाने.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा जोरात असते. वर्कशॉपमधले लेथ, वेल्डिंग मशीन, क्रेन, अगदी शेठची गाडीसुद्धा झेंडूच्या माळा घालून उभी असते. हायड्रोजनच्या खोलीचा प्रश्न दर वर्षी यायचा, कारण तिथे ठिणगी चालत नाही. मी निरांजनाला आणि उदबत्तीला बंदी घातली होती. शेठना पूजेशिवाय यंत्र ठेवणं मान्य नव्हतं. शेवटी तडजोड झाली होती. बॅटरीवरचा दिवा बाहेर उंबऱ्यापाशी, आणि भांड्यासमोर न पेटवलेल्या उदबत्त्या. गुरुजी दर वर्षी त्या उदबत्त्यांकडे बघून मंत्र म्हणताना क्षणभर थांबायचे आणि मग पुढे जायचे.

ताई पूजेत नसायच्या. त्यांच्या घरी बुद्धवंदना होते, दसऱ्याला त्यांचा सगळा गोतावळा देहूरोडच्या बुद्धविहारात जातो. त्या पेढा घ्यायच्या, सगळ्यांशी हसून बोलायच्या आणि खिडकीपाशी उभ्या राहायच्या. त्या दिवशीही होत्या. गुरुजींनी झाकणावर कुंकू वाहिलं. मग बाकीचे लेथकडे गेले आणि मी मागे रेंगाळलो. मी नास्तिक आहे असं मी कॉलेजात सतत सांगायचो, मुलांना ते आवडायचं. पण साठचा ठिपका खाली चालला होता आणि नोव्हेंबरात गिऱ्हाईक येणार होतं. इकडेतिकडे बघून मी ओल्या हळदीत बोटं बुडवली आणि झाकणाच्या जोडाखाली, भांड्याच्या गळ्यावर, पाची बोटं उमटवली. चांगली ठसठशीत. वळून बघतो तर ताई बघत होत्या. त्यांनी लगेच खिडकीबाहेर नजर वळवली, एवढा त्यांचा चांगुलपणा.

दसऱ्याची सुट्टी संपवून आलो. एरवी ताई रोज संध्याकाळी भांडं ओल्या फडक्याने पुसून लख्ख करून जायच्या, तोही माझाच नियम. पण पूजेची हळद पुसायची नाही, ती आपोआप जाऊ द्यायची, असा वर्कशॉपचा नियम होता, आणि तो माझ्या नियमापेक्षा जुना होता. त्यामुळे झेंडू वाळून गेला होता आणि माझी पिवळी बोटं भांड्यावर तशीच होती. आम्ही साठ डिग्रीची फेरी लावली. पत्रा आत सोडला, झाकण आवळलं, फसफस सुरू झाली. ताई आकडे वाचत होत्या. चार-पाच आकड्यांनंतर त्या थांबल्या.

"सर, हळद लाल व्हायला लागलीय."

मी मान वर न करता म्हणालो, कुंकू ओघळलं असेल. अर्ध्या मिनिटाचा आकडा चुकला म्हणून मी चिडलोही होतो. चिडलो की मला ऐकू कमी येतं.

"कुंकू झाकणावर आहे आणि कोरडं आहे," ताई म्हणाल्या. "ही तुमची मधली दोन बोटं तेवढीच लाल झालीत. साडीवरच्या हळदीच्या डागाला साबण लागला की होतो तसा रंग आहे."

मी उठून बघितलं. करंगळी पिवळी, अनामिका लाल, मधलं लाल, तर्जनी पिवळी, अंगठा पिवळा. झाकणाच्या जोडातून एक बारीक ओल खाली उतरत होती आणि तिच्या वाटेत आलेली हळद लालभडक झाली होती. कॉस्टिक सोड्याने हळद लाल होते हे शाळेतल्या पोरांना माहीत असतं. मी स्वतः फर्स्ट इयरच्या मुलांना हळदीचे कागद करून हे वीस वेळा दाखवलं आहे. आणि माझ्या भांड्यावर ते घडल्यावर मी कुंकवाचा खुलासा दिला होता.

ताईंनी साबणाचं पाणी आणलं. मी ब्रशने जोडावर लावलं. बुडबुड्यांची अख्खी ओळ उठली आणि फुटून पुन्हा उठली. आतला रबराचा वायसर, म्हणजे गॅस्केट, उष्णतेने आणि सोड्याने कडक झाला होता. थंड असताना तो धरून ठेवायचा. भांडं तापलं, फेस वाढला, आतला दाब वाढला की हायड्रोजन नळीतून येण्याऐवजी निम्मा जोडातून निघून जायचा. वरचा धुरांड्याचा पंखा तो गुपचूप बाहेर नेत होता, म्हणून भिंतीवरचा गॅस अलार्मही कधी वाजला नाही. सोबत जी ओल बाहेर यायची ती ताई संध्याकाळी पुसून टाकायच्या. लेपाला काही झालं नव्हतं. छिद्रं वगैरे ठीक होती. माझा गुणांक म्हणजे त्या वायसरची भेग होती.

पंखा एक दिवस बंद असता आणि कोणी विजेचं बटण दाबलं असतं तर काय झालं असतं, ते माझ्या मनात आलं. मी खुर्चीत बसलो. ताई माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या क्लिपबोर्डकडे बघत होत्या. त्या दिवसाच्या चौकोनात माझी सही होती. पुढच्या चार दिवसांच्या चौकोनांतही होती.

दुपारपर्यंत भोसरीहून नवा वायसर आला. बसवण्याआधी ताईंनी कपाटातून बिस्किटांचा एक डबा काढला. त्यात मी नापास केलेले सगळे पत्रे होते, प्रत्येकाला तारखेची चिठ्ठी. त्यातला सगळ्यात जुना, ज्याला मी 'अत्यंत असमान' असा शेरा दिला होता, तो त्यांनी माझ्यासमोर ठेवला. वायसर बसवून मी तोच पत्रा भांड्यात सोडला. तीस, चाळीस, पन्नास, साठ. दोन दिवस लागले. चारही ठिपके पट्टी ठेवून मारल्यासारखे एका रेषेत आले. वेगाच्या शास्त्रात इतकी सरळ रेषा मी माझ्या पीएच.डी.तही काढलेली नाही. तिथल्या रेषा मी थोड्या मनाने सरळ केल्या होत्या, पण तो विषय वेगळा.

घरी जाऊन मी शेठना पाठवायचं पत्र लिहायला बसलो. पहिल्या मसुद्यात लिहिलं, 'रबर गॅस्केटच्या दर्जातील दोषामुळे गळती उद्भवली.' हे मला आवडलं. गॅस्केटला तोंड नसतं, ते मीटिंगला येत नाही. बायकोला वाचून दाखवलं. सह्यांचं मी तिला आदल्या दिवशी बोलून बसलो होतो. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "सह्या पण गॅस्केटनंच केल्या होत्या का?" मी तो मसुदा खोडला. दुसऱ्या मसुद्यात 'तपासणी प्रक्रियेत काही त्रुटी राहिल्या' असं लिहिलं. कोणाच्या राहिल्या ते त्यातही नव्हतं. तो मसुदा मी तिला दाखवलाच नाही.

शुक्रवारी मी ताईंना माझ्या केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. म्हणालो, माझी चूक झाली, सॉरी, तुमचं कोटिंग उत्तम आहे. हे बोलताना मला स्वतःचा थोडा अभिमान वाटत होता, की बघा, एवढा शिकलेला माणूस टेक्निशियनला सॉरी म्हणतोय.

"सर, सॉरी तुम्ही केबिनमध्ये म्हणालात," ताई म्हणाल्या. "कोटिंग खराब आहे हे मीटिंगमध्ये म्हणाला होतात."

आवाज चढवला नाही, रडल्या नाहीत. दार उघडून कामाला गेल्या. मला पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू. एवढं सॉरी म्हटलं तरी हिचं समाधान नाही, असं मनात आलंच. मग तो राग कुठे ठेवायचा ते कळेना, कारण त्यांच्या वाक्यात चुकीचं काहीच सापडत नव्हतं.

सोमवारी मीटिंग झाली. तीच माणसं, तोच पडदा. टिपणं घ्यायला ताई. मी जुना रिपोर्टच पडद्यावर लावला आणि थेट बारावं पान उघडलं. ते वाक्य मी पुन्हा मोठ्याने वाचलं. मग म्हणालो की हे वाक्य खोटं आहे. कोटिंग पहिल्या दिवसापासून चांगलं होतं. जोड गळत होता. तो तपासायचं काम माझं होतं, मी ते केलं नाही, आणि न तपासता आठवड्याच्या सह्या आधीच केल्या. क्लिपबोर्ड मी सोबत नेला होता, तो टेबलावर ठेवला. हे सगळं सांगायला दोन मिनिटं लागली असतील. चौदा पानांपेक्षा ती मला लांब वाटली.

सुपरवायझर एकमेकांकडे बघू लागले. शेठनी क्लिपबोर्ड उचलला, पुढच्या तारखांच्या सह्यांवरून बोट फिरवलं.

"डॉक्टर, म्हंजी चौदा पानं तुमी वायसरवर लिव्हली व्हय?"

सगळे हसले. मीही हसलो, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. पण शेठ हसत नव्हते. ते म्हणाले, खोलीत उद्या काही झालं असतं तर वर्कशॉपात चाळीस माणसं काम करतात, त्यांच्या घरी मी कुठल्या तोंडानं गेलो असतो. त्यांनी बाहेरच्या कोटिंगची चौकशी थांबवायला सांगितली, ताईंना दिवाळीनंतर कंपनीत कायम करायचं सांगितलं, आणि जोड तपासायचं काम त्याच दिवसापासून ताईंकडे दिलं. मला काढलं नाही. का काढलं नाही ते मी विचारलं नाही. गिऱ्हाईक तोंडावर आलं होतं, हेच कारण असावं. ताईंनी सगळं टिपून घेतलं, त्याच वळणदार अक्षरात.

लॅबमध्ये परत आल्यावर मला मोकळं वाटत होतं. सगळं बोलून झालं, ताईंची नोकरी राहिली, आता आमचं पहिल्यासारखं होईल असं मी धरून चाललो होतो. त्या सिंकपाशी हातमोजे काढून हात धूत होत्या. मी म्हणालो, "ताई, झालं ना आता? त्याच वेळी का नाही बोललात? मला ठणकावून सांगायचंत की माझं कोटिंग बरोबर आहे."

त्यांनी नळ बंद केला. म्हणाल्या, "मला तरी कुठं माहीत होतं सर. तुम्ही एवढे शिकलेले, एवढी गणितं मांडलीत, मला वाटलं खरंच असणार. महिनाभर घरी गेले की मी हे हात बघत बसायचे. म्हणायचे, अकरा वर्षं जे येत होतं ते गेलं कुठं. मुलींना सांगितलं होतं, आईला आता हे काम जमत नाही, दुसरं बघायला लागेल."

मग त्यांनी हात पुसले, साबणाच्या पाण्याची बाटली आणि ब्रश घेतला आणि जोड तपासायला भांड्यापाशी गेल्या. नायट्रोजन भरला, भांडं साठपर्यंत तापू दिलं, साबणाचं पाणी लावलं आणि घड्याळ बघून उभ्या राहिल्या. मीही शेजारी जाऊन उभा राहिलो. बुडबुडा आला नाही. दहा मिनिटं पूर्ण झाल्यावर त्यांनी सही केली. एवढंच काम होतं ते.